ॲमेझॉनच्या त्या ‘काही आदिवासींना’ नाव आहे

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत अंदमानहून ॲमेझॉनला असा अर्ध्या पानाचा लेख आला होता, अंदमानचे ओंगे लोक होडीनं ॲमेझॉनला गेले आणि तिथल्या ‘काही आदिवासींच्या’ डीएनएत त्यांची खूण सापडते असं सांगणारा, वर होडीचं चित्र, वल्ही मारणारी माणसं, मागे मावळता सूर्य वगैरे. चित्र झकास. पण लेख वाचता वाचता माझा चहा गार झाला, आणि दुपारपर्यंत तोच लेख आमच्या जुन्या स्टाफच्या ग्रुपवर तीनदा फिरून आला, तिसऱ्या वेळी वर कुणीतरी लिहिलेलं की कोलंबसच्या आधी आपल्या लोकांनी अमेरिका शोधली. म्हणून लिहायला बसलो. मी शास्त्रज्ञ वगैरे नाही, सरकारी दवाखान्याच्या ब्लड बँकेत 31 वर्षं टेक्निशियन होतो, आता रिटायर आहे. पण रक्ताबद्दल कुणी काही ठोकून दिलं की मला झोप लागत नाही.

आधी होडीचं बघू. 2015 साली नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात जो पेपर आला त्यात म्हणलंय ते एवढंच, की ब्राझीलमधले करितियाना, सुरुई आणि शावांते या तीन लोकांच्या डीएनएत एक-दोन टक्के भाग असा सापडतो जो ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी, न्यू गिनीचे लोक आणि अंदमानचे ओंगे यांच्याशी जास्त जुळतो. एक-दोन टक्के, साहेब. बाकीचा सगळा सैबेरियाकडून बेरिंगच्या, म्हणजे आशिया आणि अलास्काच्या मधल्या, वाटेनं आलेल्या लोकांचाच. आणि जुळतो म्हणजे ओंगे तिकडं गेले असं कुठं होतं? माझं आणि माझ्या चुलतभावाचं नाक सारखं आहे म्हणून तो माझा बाप होत नाही, आजोबा एक होते एवढाच त्याचा अर्थ. इथं तो आजोबा आशियात कुठंतरी, हजारो वर्षांमागे होऊन गेलेला. बीजिंगजवळ तियानयुआन नावाची गुहा आहे, तिथल्या 40,000 वर्षांपूर्वीच्या माणसाचा डीएनए 2017 मध्ये तपशिलात छापून आला, तोसुद्धा सुरुई आणि करितियाना यांच्याशी थोडा जास्त जुळतो. बीजिंगपासून ॲमेझॉनपर्यंत ते कसं पोचलं यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण चालू आहे, पण अंदमानातनं होडी सुटली असं त्यातलं कुणीच म्हणत नाही. त्या हरवलेल्या पूर्वजांना पेपरात पॉप्युलेशन वाय नाव दिलंय, हा वाय सुरुई-करितियाना ज्या तुपी भाषाकुळातले त्यातल्या इपिकुएरा शब्दाचा, इंग्रजीत तो वायवरनं लिहितात, अर्थ पूर्वज. हे तुमच्या लेखात आलं असतं तर मजा आली असती.

खरं तर डीएनए यायच्या कितीतरी आधी ब्लड बँकवाल्यांना या लोकांचं आशियाशी नातं दिसलं होतं. 1950 च्या दशकात व्हेनेझुएलात एका नवजात बाळाला आईच्या अँटीबॉडीमुळे त्रास झाला, त्यातनं डिएगो नावाचा अँटिजन, म्हणजे रक्तपेशीवरची एक खूण, सापडला, तो दक्षिण अमेरिकेच्या मूळ लोकांत भरपूर, चिनी-जपान्यांत थोडाफार आणि युरोपियनांत जवळजवळ नाहीच. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हा एका ओळीत शिकवला होता आणि मी तो परीक्षेनंतर विसरलो होतो. आणि एबीओ रक्तगटाचं विचाराल तर हे लोक जवळपास सगळेच्या सगळे ओ, तेही पॉझिटिव्ह. आमच्याकडं रात्री दोनला एबी निगेटिव्हसाठी चार शहरांत फोन फिरवावे लागायचे, तिथं एक फ्रीज पुरला असता.

हे असं का झालं तर मिश्र कडधान्याचं पोतं डोळ्यासमोर आणा. पोत्यातनं पायली काढली, पायलीतनं शेर, शेरातनं चिपटं, चिपट्यातनं मूठ. दर मापाला एखादं धान्य मागे राहतं, शेवटी मुठीत नुसते मूग आणि मटकी. माणसं आफ्रिकेतनं निघून आशिया, सैबेरिया, बेरिंग, मग खाली ॲमेझॉन अशी गेली, दर मुक्कामाला थोडीच पुढं गेली. जगातल्या ज्या ज्या लोकांची अशी मोजदाद झालीय त्यात करितियाना आणि सुरुई सगळ्यात कमी विविधतेच्या टोकाला येतात, म्हणजे आईकडनं आलेला तुकडा आणि बापाकडनं आलेला तुकडा लांबच लांब सारखाच. पण ही सगळी करणी काही हिमयुगातल्या त्या प्रवासाची नाही. सुरुईंशी ब्राझील सरकारचा संपर्क झाला 1969 ला, माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी, आणि त्यानंतर गोवर आणि टीबीनं काही वर्षांत बहुतेक लोक गेले, उरले ते काही शेच. जनुकांच्या तक्त्यात हे नुसतं कमी विविधता म्हणून छापून येतं.

आता माझा खरा मुद्दा. तुमच्या अख्ख्या लेखात या लोकांचं नाव एकदाही नाही. ‘ॲमेझॉनमधील काही आदिवासी’, बस. ओंगेंचं नाव आहे, हार्वर्डचं आहे, यांचं नाही. अहो, करितियाना म्हणजे रोंदोनिया राज्यात पोर्तो वेल्योजवळ राहणारे काही शे लोक, आपल्या एखाद्या मोठ्या वाड्यात मावतील एवढे, आणि तरी जगातल्या माणसांच्या जनुकांचा कुठलाही मोठा तक्ता काढा, त्यात ते बहुतेक असणारच. कारण पॅरिसला जगभरच्या हजारेक लोकांच्या पेशींचा एक संग्रह आहे, त्यात सुरुई आणि करितियाना आहेत आणि संशोधक वर्षानुवर्षं तोच वापरतात. (त्या संग्रहात भारतातलं एकही सॅम्पल नाही, दक्षिण आशिया म्हणून जे आहे ते सगळं पाकिस्तानातलं. आपल्या ग्रुपवाल्यांना हे कळवलं तर काय होईल माहीत नाही.)

आणि त्यांचं रक्त निघालं कसं ते पण छापायला हवं होतं. न्यूयॉर्क टाइम्सनं 2007 मध्ये दिलं होतं की करितियाना आणि सुरुईंच्या रक्तातनं काढलेले नमुने न्यू जर्सीतल्या कोरिएल नावाच्या संस्थेकडनं तेव्हा 85 डॉलरला मिळत होते. संस्था म्हणाली आम्ही नफा कमवत नाही, नमुने फक्त संशोधकांना देतो. करितियाना म्हणाले रक्त घेताना औषधं पाठवतो म्हणून सांगितलं होतं, ती आलीच नाहीत.

मला हे वाचून अक्कलकुव्याकडचा एक कॅम्प आठवला. सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराच्या तपासणीचा, 2009 च्या आसपास, माझी तेव्हा नंदुरबारला बदली होती. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबाची टेस्ट गढूळ आली, म्हणजे आजाराचा संशय आला, की शिरेतनं दोन मिली घ्यायचं, जांभळ्या टोपणाची ट्यूब, आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटीसुलटी करायची, नाव लिहायचं. एका म्हातारीची ट्यूब मी रॅकमध्ये ठेवली, ती उठेचना. आशाताईला तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. आशाताई हसली, म्हणाली, सर, ती विचारतेय हे परत कधी देणार. मी पण हसलो आणि म्हणालो, सांग संध्याकाळी. पाठीमागे साठ लोक उन्हात उभे होते. तिची ट्यूब तपासून झाल्यावर इतरांसारखीच जंतू मारायच्या हायपोक्लोराइटमध्ये गेली, नियमच तो, पण ते मी तिला सांगितलं नाही. फॉर्मवर तिचा अंगठा होता, पण काय लिहिलंय ते वाचून दाखवायला त्या दिवशी कुणाला वेळ होता?

तिचा प्रश्न वेड्यासारखा नव्हता हे मला फार उशिरा कळलं. ब्राझील-व्हेनेझुएलाच्या सीमेवरच्या ॲमेझॉन जंगलातल्या यानोमामी लोकांकडून 1967-68 च्या सुमारास अमेरिकन टीमनं हजारो सॅम्पल घेतली, बदल्यात सुऱ्या, भांडी दिली. त्यांच्यात मेलेल्या माणसाचं काहीच मागे ठेवत नाहीत, सगळं नाहीसं करतात. आणि इकडं मेलेल्यांचं रक्त अमेरिकेतल्या फ्रीझरमध्ये. डावी कोपेनावा हे त्यांचे पुढारी वर्षानुवर्षं मागे लागले तेव्हा 2015 मध्ये अडीच हजारांहून जास्त नमुने परत आले आणि त्यांनी ते विधी करून जमिनीत पुरले. ज्या वर्षी तो नेचरचा पेपर आला त्याच वर्षी.

संशोधन थांबवा असं माझं म्हणणं नाही, सिकलसेलचं काम मी स्वतः केलंय आणि त्याचा उपयोग झालेला बघितलाय. रक्त घेतो त्या माणसांना विसरू नका एवढंच. ओंगेंबद्दल पण असंच, आपण अंदमानला जातो ते सेल्युलर जेल आणि लाइट अँड साउंड शो बघून येतो, लिटल अंदमानात ते आता शंभर-दीडशेच उरलेत हे कुठल्या टूरवाल्यानं सांगितलंय?

तेव्हा येत्या रविवारी एक चौकट टाका. अंदमानहून होडी गेली नाही, जुळणारा भाग एक-दोन टक्के, आणि ते लोक करितियाना, सुरुई, शावांते. स्पेलिंग चुकवू नका, हवं तर मला फोन करा.

आपला,
एक रिटायर्ड लॅब टेक्निशियन, मिरज