लाल, हिरवी, निळी वायर जोडली की झाले?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या व्हिडीओ गेमच्या मशीनला घरचा कॉम्प्युटर जोडण्याविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. हौस छान आहे. पण ‘व्हीजीए केबल कापून लाल, हिरवी, निळी वायर मॉनिटरला जोडा’ हे वाचले आणि हातातला चहा तसाच राहिला. मिरजेत ३४ वर्षे टीव्ही दुरुस्त करतोय. मंगळवारीच गल्लीतला एक कॉलेजचा पोरगा टेम्पोत मशीन घालून दुकानात हजर. “काका, तीन मिनिटं चाललं!”

त्या तीन मिनिटांत काय झाले ते सांगतो. गेमच्या मशीनचा मॉनिटर आपल्या जुन्या टीव्हीचाच भाऊ. पडद्यावर साधारण २६२ रेषा, सेकंदाला ६० वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे १५,७०० रेषा. कॉम्प्युटर व्हीजीएवर पाठवतो सुमारे ३१,५००, म्हणजे दुप्पट. चित्राच्या चिंध्या झाल्या, आतून बारीक ‘चीं’ आवाज आला, आणि पोरगा माऊस घेऊन रिझोल्युशन शोधत बसला. तेवढ्यात या आडव्या रेषा चालवणारा हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर उडाला. जाताना ईएचटीलाही, म्हणजे ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरलाही, घेऊन गेला. तिच्या अंगाला केसाएवढी चीर आहे, खोलीत अंधार केला की तिथून निळी ठिणगी दिसते.

विंडोजमध्ये सेटिंग बदलून भागत नाही. कॉम्प्युटर सुरू होताना पहिला काळा पडदा येतो, तोच सेकंदाला ३१ हजार रेषांवर असतो. त्यासाठी जे-पॅक नावाचे छोटे बोर्ड मिळते. चुकीचा सिग्नल ते मॉनिटरपर्यंत जाऊच देत नाही, आडवा आणि उभा सिंक (चित्र जागेवर धरणारे सिग्नल) एकत्र करते, आणि कॉम्प्युटरचा जेमतेम ०.७ व्होल्टचा रंगाचा सिग्नल वाढवूनही देते. सोबत जुने रेडिऑन ग्राफिक्स कार्ड आणि त्याचे ‘सीआरटी इमूड्रायव्हर’ हे सॉफ्टवेअर घेतले की १५ हजार रेषांवर चित्र स्थिर बसते.

आता लेखात अजिबात नसलेली गोष्ट. अशा पुष्कळ मॉनिटरची चेसिस (आतल्या सर्किटचा सांगाडा) विजेच्या लाइनपासून वेगळी केलेली नसते. ते काम मशीनच्या खोक्यातला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर करतो. भंगारवाले तांब्यासाठी आधी तोच काढतात. मग मॉनिटर सरळ विजेच्या बोर्डात लावायचा आणि अर्थिंग असलेला कॉम्प्युटर त्याला जोडायचा, म्हणजे फ्यूज उडाला तर नशीब. या पोराचा ट्रान्सफॉर्मर शाबूत होता, म्हणून तो मला काका म्हणायला उरला. ट्यूबच्या रबरी टोपीखाली २० हजारांहून जास्त व्होल्ट असतात आणि स्विच बंद केल्यावरही ते ट्यूबमध्ये राहतात, हे वेगळेच. आमच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी सांगितले होते, एक हात खिशात ठेव.

एलसीडी का लावत नाहीस, असे मी त्याला विचारले. म्हणाला, “त्यावर मुस्तफा बघवत नाही.” कॅपकॉमचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ आपल्याकडे मुस्तफा नावानेच चालला. त्याचे चित्र २२४ रेषांचे. काचेच्या ट्यूबवर ते जसे उजळते तसे सपाट पडद्यावर नाहीच दिसत. यावर मी काय बोलणार?

तरी पुढच्या रविवारी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि १५ हजार रेषा यांविषयी एक चौकट छापावी, ही विनंती. ट्रान्झिस्टर मी जुन्या टीव्हीतून काढून बसवलाय. ईएचटी मात्र मिळत नाही. कुणाच्या माळ्यावर गेम पार्लरचा २० इंची मॉनिटर पडून असेल तर भंगारात घालण्याआधी मिरजेतल्या टीव्हीवाल्यांकडे चौकशी करावी.

आपला,
एक टीव्ही मेकॅनिक, मिरज