बाळाची बाटली सोडवायला शिकवणाऱ्या सिस्टरना, मनापासून

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरी आणूनही देता आलं असतं. उघडपणे लिहितोय ते अशासाठी, की तुम्ही आमच्या पाळणाघरात येऊन बाळाला बाटलीवरून वाटीवर कसं आणायचं हे जे दाखवलंत, ते ज्या आयांपर्यंत अजून पोहोचलेलं नाही त्यांनीही वाचावं. आणि थोडं रागापोटीही लिहितोय. तो राग तुमच्यावर नाही, हे वेगळं सांगायला नको.

"वर्ष झालं ना? मग बाटली बंद करा." आमच्याकडे मूल ठेवायला येणारी जवळजवळ प्रत्येक आई हे वाक्य कुठून तरी ऐकून आलेली असते. लसीच्या दिवशी, वजन करताना, दातांच्या दवाखान्यात. सांगणारे चुकीचं सांगत नाहीत. बारा महिन्यांपासून बाटली कमी करत जायची आणि अठरा महिन्यांच्या आत ती घरातून गेलेली असावी, हे बालरोगतज्ज्ञ आणि दातांचे डॉक्टर दोघेही मानतात. पण बंद करायची म्हणजे उद्या सकाळी नेमकं काय करायचं, असं विचारलं की पुढचा पेशंट आत बोलावला जातो. मग आई दुकान गाठते. तिथे "अजिबात सांडत नाही" म्हणून एक सिपर तिच्या गळ्यात मारला जातो. बाळ तो फेकून देतं. मग दुसरा, मग तिसरा. घरी कुणी सांगतं निपलला कोरफडीचा चीक लावा, कुणी सांगतं कपाच्या कडेला मध लावा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, त्यातून बोट्युलिझमसारखा जिवावरचा आजार होऊ शकतो, हे सांगायलाही तिथे कुणी नसतं. शेवटी आई बाटली परत काढते आणि स्वतःलाच दोष देत बसते. आपल्या देशात बाटल्यांची जाहिरात करायला १९९२च्या कायद्याने बंदी आहे, २००३मध्ये तो आणखी कडक झाला. तरी बाटली घराघरांत पोहोचतेच. वाटी कशी धरायची ते शिकवणारं माणूस मात्र शोधून सापडत नाही.

तुम्ही आलात, आणि "बंद करा" न म्हणता "असं धरा" म्हणालात.

त्या दुपारचं बाकी सगळं एक वेळ विसरू, तुमचा हात विसरणार नाही. चौदा महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर ताठ बसवलेलं, गळ्यात लाळेरं. तुम्ही स्टीलची छोटी वाटी निवडलीत, कड गोल दुमडलेली. पातळ, धारदार कडेची वाटी बाजूला ठेवलीत. त्यात जेमतेम दोन चमचे कोमट दूध. कड आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिलीत, कारण वाटी तापलेली असेल तर दूध कोमट असूनही स्टीलची कड ओठाला पोळू शकते. मग ती बाळाच्या खालच्या ओठावर टेकवलीत, दूध वरच्या ओठाला लागेल इतकीच कलती केलीत आणि थांबलात. बाळाने जीभ काढून दूध चाटलं, तोंड फिरवलं. वाटी घेऊन तुम्ही त्याच्या तोंडामागे धावला नाहीत. ते आपणहून वळलं तेव्हा वाटी तिथेच होती. या वेळी त्याने ओठ मिटून घोट घेतला. आणि लगेच तुम्ही वाटी आईच्या हातात दिलीत, तिच्या मनगटाखाली आपला तळवा धरलात. "पाजताय तुम्हीच, मी नुसता हात धरलाय," एवढंच म्हणालात.

त्या आईला तोवर सूचना सगळ्यांनी दिल्या होत्या. हात कुणी धरला नव्हता. "एवढं मोठं झालं तरी बाटली?" हे तुम्ही विचारलं नाहीत, हेही तिने मनात ठेवलंय. अजून बोलून दाखवते.

ते थांबणं किती महत्त्वाचं आहे, हे आम्ही आता प्रत्येक आईला सांगतो. बाटलीतून पिताना बाळ जीभ पुढे ठेवून चोखतं आणि दूध आपोआप मागे सरकतं. वाटीतून पिताना कडेवर ओठ मिटायचे, घोट क्षणभर तोंडात धरायचा आणि मग गिळायचा, हे सगळं नव्याने शिकावं लागतं. मोठं माणूस घाई करून वाटी उपडी करतं, घोट धरण्याआधीच दूध घशाशी जातं, ठसका लागतो आणि दुसऱ्या दिवशी बाळ वाटी बघूनच मान फिरवतं. लोक म्हणतात बाळ हट्टी आहे. बाळ घाबरलेलं असतं. एखादा ठसका लागला तर वाटी बाजूला घ्यायची, बाळाला किंचित पुढे झुकवायचं आणि खोकू द्यायचं. पण घोटागणिक ठसका लागत असेल किंवा पिताना श्वास घरघरत असेल, तर तो सवयीचा भाग समजू नये. डॉक्टरांना दाखवावं.

सिपरचं जे तुम्ही उलगडून दाखवलंत, त्याने तर आमचे डोळेच उघडले. झाकण उलटं करून चोचीच्या मुळाशी बसवलेला सिलिकॉनचा छोटा व्हॉल्व्ह नखाने काढलात आणि आयांना विचारलंत, "हा असताना बाळाला काय करावं लागतं?" चोखावं लागतं, तेही बाटलीपेक्षा जोर लावून. म्हणजे न सांडणारा सिपर ही झाकण बदललेली बाटलीच. त्यातून ओठ मिटायला, घोट धरायला काहीच शिकता येत नाही. व्हॉल्व्ह काढला की दूध थेंब थेंब गळतं, आणि तेच हवं असतं. असा उघडा सिपर प्रवासात काही आठवडे वापरायला हरकत नाही, मुक्काम तिथे करू नये. सिपर घेतल्यावर बाळ दोनदा चोखून फेकून देत असेल तर झाकणावरचं हवेचं बारीक भोक आधी पाहावं. सुकलेल्या दुधाने ते बुजलं की आत हवा जात नाही, दूध येत नाही, आणि बिचारं बाळ नाठाळ ठरतं.

स्ट्रॉबद्दलही असंच. आठ-नऊ महिन्यांपासून बरीच बाळं स्ट्रॉ शिकतात, पण हातात नुसता ग्लास देऊन नाही. स्ट्रॉ पाण्यात बुडवायची, वरच्या तोंडावर बोट दाबून थोडं पाणी आत अडकवायचं, खालचं टोक बाळाच्या ओठांत द्यायचं आणि बोट सोडायचं. तोंडात पाणी आलं की बाळ ओठ मिटतं. मग आपण बोट उशिरा उशिरा सोडायचं, म्हणजे ते स्वतः ओढायला लागतं. स्ट्रॉचं टोक ओठांच्या जेमतेम आत असावं. जिभेवर लांब गेली तर बाळ ती पुन्हा निपलसारखीच चोखतं. बारीक ब्रश नसेल तर स्ट्रॉ घेऊच नये. आतून धुतली गेली नाही की दोन दिवसांत वास येतो. सिलिकॉनवर काळे ठिपके पडले आणि घासून जात नसतील, तर तो भाग सरळ फेकायचा. वाटी आणि फुलपात्राला यातलं काहीच लागत नाही, साबणाचं गरम पाणी पुरतं.

क्रमही तुम्हीच लावून दिलात, आणि आम्ही तो जसाच्या तसा पाळतो. आधी दुपारची बाटली. तेव्हा बाळ जागं असतं, खेळीमेळीत असतं, शेजारची पोरं फुलपात्राने पीत असतात ते पाहतं. चार-पाच दिवसांत ती सुटली की संध्याकाळची, मग सकाळची. रात्रीची सगळ्यात शेवटी. बाळ आजारी असेल, जुलाब होत असतील, दाढ येत असेल, घर बदललं असेल किंवा धाकटं भावंड नुकतंच आलं असेल, तर हे सगळं पंधरा दिवस पुढे ढकलायचं.

रात्रीच्या बाटलीवर आयांचं सगळ्यात जास्त अडतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो. झोपेत लाळ कमी सुटते, दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं आणि कीड तिथूनच सुरू होते. खालचे पुढचे दात जिभेखाली झाकलेले असतात म्हणून बहुतेकदा वाचतात. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती सुरुवात असते, तेव्हाच दातांच्या डॉक्टरांकडे जावं. उताणं पडून बाटली ओढणाऱ्या बाळांचे कानही वारंवार दुखतात, कारण त्या वयात घसा आणि कान जोडणारी नळी आखूड आणि आडवी असते. वर्ष उलटलेल्या, वजन नीट वाढत असलेल्या बाळाची रात्रीची बाटली तोडायला तुम्ही सांगितलेली रीत अशी: दर तीन रात्रींनी तीस मिली कमी. एकशे ऐंशीची दीडशे, मग एकशे वीस. साठवर आली की थांबवायची. तेवढं दूध रात्रीच्या जेवणासोबत वाटीतून द्यायचं, मग तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावून दात घासायचे, आणि त्यानंतर थोपटणं, अंगाई, दुपटं. दुधाने झोपणाऱ्या बाळाला झोपायची दुसरी खूण मिळेपर्यंत तीन-चार रात्री रडारड होते. ती होणार, हे आईला आधीच सांगून ठेवलं तर ती डगमगत नाही. हेही तुमचंच.

दूध कमी पडेल या भीतीने बाटली परत येते. वर्षानंतर दिवसाला चारशे ते पाचशे मिली दूध पुरे होतं. बाटलीवर असलेली मुलं याहून कितीतरी जास्त पितात, पोट दुधाने भरतं, भाजी-भाकरीला जागा उरत नाही. दुधात लोह जवळपास नसतंच, मग रक्त कमी पडतं. मूल गुटगुटीत दिसतं, पण निस्तेज असतं. वाटीवर आल्यावर काही दिवस दूध निम्म्यावर आलं तरी दही, पनीर, नाचणीचं सत्त्व चालू ठेवावं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. लघवी नेहमीसारखी होते आहे ना, एवढं पाहावं. सहा-आठ तास लंगोट कोरडा राहिला तर वाट बघू नये.

वर्षाच्या आतल्यांचं वेगळं. सहा महिने झाले, वरचं अन्न सुरू झालं, की जेवताना पाण्याचे एक-दोन घोट वाटीतून द्यावेत. अंगावर पिणाऱ्या बाळाला मध्ये बाटली हवीच कशाला, ते थेट वाटीवर येतं. पावडरचं दूध असेल तर डब्यावरच्या मापानेच करावं, बाटली तोडायची म्हणून पाणी वाढवू नये. वाटीतून प्यायला वेळ लागतो आणि उष्टं दूध तासाभरात टाकून द्यावं लागतं, म्हणून एका वेळी निम्मंच करावं.

आशाताईंच्या, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांच्या, बाळासाठीच्या घरभेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याला ठरलेल्या असतात. त्या नवव्या महिन्याच्या भेटीत कुणी पाच मिनिटं वाटी धरून दाखवली, तर आमच्याकडे रडत येणाऱ्या निम्म्या आया रडणार नाहीत, असं आम्हाला मनापासून वाटतं. सिस्टर, तुम्ही निवृत्त झालात, तुम्हाला कुणी पाठवलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. शेजारच्या बाईने हाक मारली आणि आलात, जाताना लाळेरी धुऊन दोरीवर टाकून गेलात. अशी माणसं लसीच्या रांगेत, अंगणवाडीत, सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर अजून भेटतात. त्यांची नावं कुठल्या फलकावर नसतात, आणि कुठल्या तरी आईला मात्र ती जन्मभर आठवतात.

सध्या आमच्याकडे एक बाळ वाटीतून पाणी आनंदाने पितं, दुधाला मात्र तोंड लावत नाही. दूध म्हणजे बाटली हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. म्हणून दूध झोपायच्या जागी न देता जेवणाच्या पाटावर, भाताबरोबर, वेगळ्या रंगाच्या कपातून देतोय. दोन घोटांपर्यंत गाडी आलीय. पुढे कसं न्यावं हे तुम्हाला विचारायचं आहे. सवड झाली की एखाद्या दुपारी चक्कर टाका, त्याची आईही थांबेल.

आपल्या,
पाळणाघरातल्या सगळ्या ताया