ती पेटी मागवू नकोस

पुणे, रविवार

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

बाबांसाठी घरी वापरायची ऑक्सिजनची पेटी मागवतोयस, असं काल मावशी म्हणाली. तुझा जीव तुटतोय, कळतं रे. पण ती ऑर्डर रद्द कर.

जखम कशी झाली हे तुला फोनवर नीट सांगितलंच नव्हतं. देवळाच्या तापलेल्या फरशीवर बाबा अनवाणी चालले. मधुमेहाने तळव्याची जाणीवच गेलेली, त्यामुळे फोड आलेला कळला नाही. मोज्याला लागलेला पिवळा डाग आधी मला दिसला. महिनाभर ड्रेसिंग झालं, तरी खड्डा हाडापर्यंत गेला. डॉक्टरांनी आधी डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींची तपासणी करून पायाचा रक्तपुरवठा पाहिला, कुजलेला भाग काढला आणि मग हायपरबॅरिक ऑक्सिजनच्या, म्हणजे दवाखान्यातल्या बंद पेटीत जास्त दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घ्यायच्या ३० बैठका लिहून दिल्या. काल अकरावी झाली.

शाळेत मी सोड्याची बाटली दाखवून शिकवायचे ना, दाब वाढला की द्रवात वायू जास्त विरघळतो, तेच इथे चालतं. तांबड्या पेशी एरवीही ऑक्सिजनने जवळजवळ भरलेल्याच असतात. पण १०० मिली रक्तातल्या पाण्यात जेमतेम ०.३ मिली ऑक्सिजन विरघळलेला असतो. नेहमीच्या हवेच्या २.४ पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला की तो ५ मिलीच्या घरात जातो. उपाशी पडलेल्या मांसापर्यंत तो पोचतो, पांढऱ्या पेशींना जंतू मारायला बळ येतं, नव्या केशवाहिन्या फुटू लागतात. तुझ्या त्या फुगवायच्या पेटीत दाब जेमतेम १.३ पट. तिने हे काम होणार नाही.

शिवाय आगीची भीती. दवाखान्यातल्या पेटीतही आत जाताना सुती कपडेच लागतात, मोबाइल, घड्याळ सगळं बाहेर. पहिल्या दिवशी बाबांच्या डोक्याला खोबरेल होतं, तर सिस्टरांनी केस धुऊन यायला लावलं. मला ते जाचक वाटलं होतं. मग कळलं, १९९७ मध्ये इटलीत मिलानला कुणीतरी हात शेकायचं साधन आत नेलं आणि आगीत ११ जण गेले. आता मीच रोज त्यांचे खिसे तपासते.

आत साखर उतरू शकते, म्हणून आधी तपासतात. दाब चढताना कानांना दडे बसल्यासारखं होतं. बाबा आवंढा गिळत राहतात आणि मी काचेबाहेरून त्यांच्याबरोबर गिळते. दीड तास असा जातो.

यानेच पाय वाचेल असं मात्र धरून चालू नकोस. स्वीडनमध्ये ९४ रुग्णांवर अभ्यास झाला होता, २०१० साली छापून आला. वर्षभरात खऱ्या उपचारात ५२ टक्क्यांच्या जखमा भरल्या, पेटीत दाबाखाली ऑक्सिजनऐवजी नुसती हवा दिली त्यांच्यात २९ टक्क्यांच्या. पण २०१८ च्या नेदरलँड्समधल्या १२० रुग्णांच्या अभ्यासात पाय वाचण्यात ठोस फरक दिसला नाही. साखर, ड्रेसिंग आणि पायावर भार न देणं, हे सांभाळलं तरच या बैठकांचा उपयोग. आणि भार न देणं हेच बाबांना सगळ्यात जड जातंय, चोरून न्हाणीपर्यंत चालत जातात. तू सांगितलंस तर ऐकतील.

काल ड्रेसिंग सोडलं तेव्हा कडेला गव्हाच्या दाण्याएवढं लालसर मांस दिसलं. महिन्यात पहिल्यांदा.

पैसे पाठवायचेच असतील तर त्यांच्या मापाच्या बुटांसाठी ठेव, जखम भरली की लागतील. उद्या आठ वाजता ते आत असतील, फोन दहानंतर कर.

तुझी,
आई