हैदराबादहून, सिंगापूरमार्गे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

तुमची माझ्याकडं ऑकलंडला, न्यूझीलंडला यायची तिकिटं काढली. बाबा, मुंबईहून निघायचं तुमच्या मनात होतं, पण हैदराबादची काढलीत. उदगीरहून बिदर, जहिराबाद करत शमशाबादचा विमानतळ गाडीनं साधारण पाच तासांवर. मुंबईला रात्रभर रेल्वे, पुढं स्टेशनवरून विमानतळ. तुमच्या गुडघ्यांना ते नको. काकांना मी समजावते, ते रागावायचे नाहीत.

दुबईमार्गे का नको, तेही सांगते. हैदराबाद ते ऑकलंड सरळ रेषेत सुमारे 11,700 किलोमीटर, आणि सिंगापूर जवळपास त्याच रेषेवर आहे. दुबईला जायचं म्हणजे आधी पश्चिमेला उलटं अडीच हजार, मग तिथून 14,200. पाच हजार किलोमीटर जास्त, त्यात एकाच बैठकीत सोळा तास! सिंगापूरपर्यंत साडेचार तास, तिथं तीन तास पाय मोकळे, पुढं दहा तास. परतताना पश्चिमेचा वारा समोरून येतो, म्हणून तासभर जास्त धरा.

रात्री अकराला निघून दुसऱ्या दिवशी मध्यरात्री पोचाल. घड्याळात पंचवीस तास दिसतील, पण प्रवास साडेसतरा तासांचाच. नोव्हेंबरात आमचं घड्याळ साडेसात तास पुढं असतं. म्हणून बाबा, पोचेपर्यंत हातातलं घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवा आणि शुगरची गोळी त्यावरच घ्या. इथं आल्यावर वेळा कशा बदलायच्या, ते डॉक्टरांकडून आत्ताच लिहून आणा. गोळ्या हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात, इंग्रजी चिठ्ठीसह. मोठ्या बॅगेत अजिबात नको. विमानातली हवा फार कोरडी असते, तहान नसली तरी पाणी प्या. दर दीड-दोन तासांनी उठून चार पावलं चाला, बसल्या बसल्या पावलं वरखाली करा. रक्त पायात साकळतं ते न हलल्यानं. त्यासाठीच तुम्हाला वाटेच्या कडेची जागा घेतलीय. व्हीलचेअरही सांगून ठेवलीय, तिचे पैसे पडत नाहीत. संकोच करू नका.

आई, खिडकी तुझी. एसटीत ती कायम मला द्यायचीस. जेवण शाकाहारी सांगितलंय, तरी धपाटे घेच, बाबांना त्यावाचून जमत नाही. पण ऑकलंडला उतरण्याआधी संपव, उरलेले विमानातच टाकून दे. लोणचं हातातल्या पिशवीत नको, तपासणीत काढून घेतात. शेंगदाण्याची चटणी मोठ्या बॅगेत चालेल, पण खाण्याचं जे काही असेल ते इथल्या प्रवेशाच्या फॉर्ममध्ये लिहावंच लागतं. लपवलं तर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड. फॉर्म मीच भरणार आहे, त्यामुळं डब्यात काय काय भरलंस ते खरं खरं सांग. तूप आणि मध आणूच नकोस, इथं मिळतं.

हैदराबादला बॅगा देताना चिठ्ठीवर ऑकलंडच लिहिलंय ना, एवढं विचारा. मग सिंगापूरला त्या उचलाव्या लागत नाहीत.

मला यंदाही तिकडं येणं जमत नाही, म्हणून हा एवढा खटाटोप. डॉक्टरांकडं याच आठवड्यात जा आणि चिठ्ठीचा फोटो पाठवा.

तुमची,
ताई