फोटोतली ती गादी माझी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपण नालेसफाईचा फोटो छापला होता. गाळाच्या ढिगावर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक गादी आडवी पडलेली, आणि खाली नागरिकांच्या बेफिकिरीबद्दल एक ओळ. पट्टे ओळखीचे वाटले म्हणून मी संध्याकाळी चालत जाऊन बघून आले. गादीच्या कोपऱ्यावर काळ्या मार्करने 'खोली ४, दाराकडची' असं लिहिलेलं होतं. अक्षर माझंच. तेव्हा तो बेफिकीर नागरिक मी आहे. पण ती गादी तिथवर कशी गेली, ते ऐकून घ्या.

जुळे सोलापुरात मी मुलींसाठी कॉट बेसिसवर खोल्या चालवते. बावीस कॉट आहेत. २०१६ च्या जूनपर्यंत सगळ्यांवर कापसाच्या गाद्या होत्या. एकेक बारा-तेरा किलोची. दर मे महिन्यात गच्चीवर नेऊन ऊन द्यायचं, काठीने झोडायचं, ढेकूण दिसला की सगळी खोली उलटीपालटी करायची. कंबरेने साथ सोडली तशी मी कंटाळले आणि एकदम बावीस फोमच्या गाद्या घेतल्या. सहा फूट बाय तीन फूट, चार इंची, बत्तीस डेन्सिटीच्या, म्हणजे घनमीटरला बत्तीस किलो फोम. एका हाताने उचलायच्या. दोन वर्षं मी खूश होते, हे कबूल करते.

मुली मात्र पहिल्याच उन्हाळ्यात कुरकुरल्या. पारा ४३ वर गेला की फोम अंगाची उष्णता धरून ठेवतो. वर सोलापुरी चादर चौपदरी घालूनही पाठ भिजायची. शेवटी निम्म्या मुली गादी भिंतीला उभी करून खाली सतरंजीवर झोपू लागल्या. पुढे मधोमध खड्डे पडले. दुकानदाराकडे गेले तर म्हणाला, वॉरंटी दहा वर्षांची आहे, पण एक इंचापेक्षा कमी खड्डा त्यात बसत नाही. फूटपट्टी ठेवून मोजलं, पाऊण इंच भरला. मग नव्या गाद्यांवर एक्सचेंज ऑफर सांगितली: गादीमागे ५०० रुपये कमी. मी विचारलं, जुन्या कधी न्यायला येता? तर म्हणे, "त्या तुमच्याकडेच राहू द्या, मॅडम." हे कसलं एक्सचेंज!

घंटागाडीवरचा पोरगा बिचारा मान हलवत म्हणाला, "मावशी, ही एक टाकली तर गल्लीचा कचरा कुठं घेऊ?" त्याचं बरोबरच होतं. भंगारवाला तर हातसुद्धा लावेना. मी चिडले, पण नंतर कागद-पेन्सिल घेऊन बसले तेव्हा त्याचंही कळलं. एका गादीत माल जेमतेम साडेपाच किलो. शंभरातले सत्त्याण्णव भाग हवा. बावीस गाद्यांनी अख्खा टेम्पो भरणार आणि काट्यावर वजन येणार एकशे वीस किलो. हवेचं भाडं कोण भरेल?

रिक्षाची सीटं भरून देणाऱ्याने दोन नेल्या. अकरा गाद्या एका टेम्पोवाल्याला दिल्या. "डेपोवर टाकतो" म्हणून त्याने माझ्याकडून सातशे रुपये घेतले. कुठल्या डेपोवर, ते आता आपण छापलंच आहे. दोन गाद्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर कोणीतरी थंडीत पेटवल्या. तो धूर अजून माझ्या नाकात आहे. काळाकुट्ट, जमिनीलगत सरकणारा, आणि घशात कडू. फोम जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. शेकोटी समजून त्याभोवती बसलेल्या पोरांना हे कोण सांगणार?

फोमची ही सगळी माहिती मला साठीला आल्यावर माझ्याकडच्याच एका मुलीने सांगितली. ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. फोम बनतो पॉलिओल आणि आयसोसायनेट या दोन द्रव्यांपासून, साधारणपणे दोन्ही खनिज तेलापासूनची. ती थोड्या पाण्यासह एकत्र आली की आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि सगळं ढोकळ्यासारखं फुगतं. मी म्हटलं, प्लास्टिकची जुनी बादली वितळवून जशी नवी करतात, तसं याचं करा की. ती म्हणाली, "काकू, तुमची कडक भाकरी बघा. तिचा चुरा होतो, पण त्या चुऱ्याचं परत पीठ होऊन नवी भाकरी थापता येते का?" फोमचं तसंच. फार तर चुरा करायचा, चिकटद्रव्य घालून वाफेत दाबायचा आणि कडक थर बनवायचा. बाजारात त्याला रीबॉन्डेड म्हणतात. 'ऑर्थो' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाद्यांच्या पोटात हाच थर असतो. म्हणजे जुन्या फोमला गिऱ्हाईक नाही असं नाही. पण कारखान्यातली स्वच्छ कातरण मिळत असताना नऊ वर्षांचा घाम प्यायलेली गादी कोण कशाला घेईल? रसायनांनी तोडून परत पॉलिओल काढायची रीतही आहे म्हणे, पण ती आपल्या गल्लीत पोचलेली नाही.

दुकानात हल्ली 'सोयाबीनपासून बनवलेला इको-फ्रेंडली फोम' अशी पाटी दिसते. बार्शीकडच्या सोयाबीनवाल्यांनी हुरळून जाऊ नये. सोयाबीन जातं ते पॉलिओलच्या एका हिश्शात, आयसोसायनेट तेलाचंच राहतं. आणि 'सर्टिफाइड' शिक्क्यांत मुख्यतः फोममध्ये कुठली घातक रसायनं नाहीत आणि हवेत किती वाफा सुटतात हे बघितलेलं असतं. मेल्यावर गादीचं काय करायचं, यावर शिक्का गप्प.

काही प्रकारचे फोम फुगवायला पूर्वी वापरला जाणारा, ओझोनला मारक असा एचसीएफसी-१४१बी हा पदार्थ आपल्या सरकारने १ जानेवारी २०२० पासून बंद केला. म्हणजे फोमच्या जन्माची काळजी घेतली. जुने टायर, बॅटऱ्या, टीव्ही-मोबाइल यांची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकणारे नियमही आपल्याकडे आहेत. गादीला मात्र तसा नियम नाही. फ्रान्समध्ये २०१३ पासून गादी घेतानाच तिच्या विल्हेवाटीचे थोडे पैसे बिलात लागतात. मी टेम्पोवाल्याला दिलेले सातशे रुपये असेच बिलात दिले असते, तर निदान कोणाला जाब विचारता आला असता.

आईच्या दोन कापसाच्या गाद्या मी ठेवल्या होत्या. तीस वर्षांच्या तरी असतील. त्या घेऊन विजापूर वेशीकडे एका म्हाताऱ्या पिंजाऱ्याकडे गेले. लहानपणी पिंजणाच्या तातीचा टुंग-टुंग आवाज गल्लीच्या तोंडापासून यायचा, आता त्याच्याकडे मशीन आहे. त्याने खोळ उसवली. आतून दोन हेअरपिना आणि एक चार आण्याचं नाणं निघालं. ते त्याने आधी माझ्या हातावर ठेवलं. मग चिमूटभर कापूस ओढून उजेडाकडे धरला. "आक्का, ही होईल. दुसरीत कुणीतरी चिंधी भरलीय, ती नको." दहा किलो कापसातली धूळ उडून साडेआठ उरला, दीड किलो नवा घातला, नवी खोळ, टाके. गादी परत उभी राहिली.

कापूस धुतल्या तांदळासारखा आहे असं मी म्हणत नाही. त्यालाही पाणी, खत, फवारणी लागते. आणि बावीस गाद्या उचलायला माझी कंबर आजही तयार नाही. पण ज्या गावात टॉवेल-चादरींच्या कारखान्यांतून रोज सुती कातरण निघते, तिथे ती भरून हलक्या, तीन घड्यांच्या गाद्या कोणी बनवत असेल, तर मी पहिली गिऱ्हाईक.

एक विनंती. महिन्यातून एक दिवस गाद्या आणि सोफ्यांसाठी वेगळी गाडी फिरवावी, आणि एक्सचेंजची पाटी लावणाऱ्या दुकानदारांनी जुनी गादी खरोखर न्यावी. चार-पाच दुकानांनी मिळून गाद्या दाबून गठ्ठे बांधले, तर हवेचं भाडं वाचेल आणि चुरा करणारा गठ्ठे घ्यायला येईल.

माझ्या उरलेल्या नऊपैकी प्लॉटवर जळाल्या त्या याच दोन. मी त्या जिन्याखाली ठेवल्या होत्या, तिथून कोणी नेल्या. राहिलेल्या सात गच्चीवर ताडपत्रीखाली कोरड्या आहेत. पावसाआधी कोणी तुकडे करून वापरणार असेल तर आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा. गाद्या फुकट, टेम्पोचं भाडं मी देईन. फक्त या वेळी टेम्पोत मीही बसणार आहे.

आपली,
एक वाचक, जुळे सोलापूर