तू गुणगुणलास ते गाणं

प्रिय मित्रा,

तू परवा पाठवलेलं गुणगुणणं चारदा ऐकलं. मागे पंख्याची घरघर, मध्येच तुझा खोकला, आणि सोबत ‘शब्द एकही आठवत नाही रे, डोकं गेलं कामातून’ हे रडगाणं. तर ऐक. शाळेत प्रार्थनेला म्हणायचो ते ‘मॉर्निंग हॅज ब्रोकन’ आहे हे, आणि तुझं डोकं शाबूत आहे. शब्द विसरून चाल ध्यानात ठेवलीस, म्हणजे त्या गाण्याचा जुना भागच तू राखलास.

स्कॉटलंडच्या मल बेटावर बनेसन नावाचं गाव आहे, त्यावरून त्या चालीला नाव पडलं. त्याच बेटावरच्या मेरी मॅकडोनल्ड या बाईंचं गेलिक भाषेतलं बाळ येशूचं गाणं या चालीवर म्हणत. आपले शब्द फार नंतरचे. पर्सी डिअरमर हे पाद्री ‘साँग्ज ऑफ प्रेझ’ या गीतपुस्तकाची वाढीव आवृत्ती काढत होते. त्यांना या चालीत बसेल असं, नव्या दिवसाचे आभार मानणारं काहीतरी हवं होतं. ते एलिनॉर फार्जन यांनी लिहून दिलं आणि १९३१ साली छापलं गेलं. तीन-तीन मात्रांचा तो झोका आठव, थेट दादराच वाटतो. कॅट स्टीव्हन्स या गायकाने १९७१मध्ये ते गायलं. मला रेडिओवर पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा धक्काच बसला, कारण ते शाळेतल्या पियानोवाल्या बाईंनी स्वतः रचलंय असं मी धरून चाललो होतो.

बाईंवरून ‘अबाइड विथ मी’ आठवलं. आपल्याला त्यातलं ‘अ बाई’ एवढंच कळायचं, आणि तू ते बाईंकडे बघत इतक्या भक्तिभावाने म्हणायचास की मागची अख्खी रांग खुसखुसायची. पुढे अर्थ कळला तेव्हा मला आणखीच गंमत वाटली. दिवस मावळतोय, अंधार दाटतोय, देवा तू जवळ थांब, असं ते गाणं. आणि आपण ते सकाळी, डोळ्यांतली झोप न गेलेली, दप्तरं पायाशी ठेवून म्हणत होतो! हेन्री लाइट हे ब्रिक्सम या मासेमारी बंदरातले पाद्री. गाणं १८४७चं. क्षयाने खंगलेले लाइट त्याच वर्षी गेले. त्यांनी स्वतः एक चाल दिली होती, ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. आपण म्हणायचो ती विल्यम मंक यांची, १८६१ची. म्हणजे गाण्याच्या कर्त्याने हे गाणं आपल्यासारखं कधी ऐकलंच नाही.

जॉन न्यूटनचंही तेच. ‘अमेझिंग ग्रेस’ त्याने १७७३च्या पहिल्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी लिहिलं. तो १८०७मध्ये वारला आणि ती ओळखीची चाल त्याच्या शब्दांना चिकटली १८३५ साली, अमेरिकेतल्या एका गीतपुस्तकात. पाचच सुरांची चाल, सा रे ग प ध. पेटीवर वाजवून बघ, भूप हाताखाली येईल.

पण न्यूटनची गोष्ट नीट वाचली आणि माझं मन विटलं. शाळेत सांगितलेलं असं: गुलामांच्या जहाजाचा कप्तान, वादळात सापडला, देव आठवला, सुधारला. वादळ खरं, १७४८चं. कप्तान मात्र तो त्यानंतर झाला आणि १७५४पर्यंत माणसं भरून जहाजं नेत राहिला. थांबला तो तब्येतीमुळे. त्या व्यापाराविरुद्ध जाहीरपणे पुस्तिका लिहिली ती १७८८मध्ये, म्हणजे हे गाणं लिहून झाल्यावरही पंधरा वर्षांनी. इतका उशीर! हा उशीर गाळून आपल्याला गोष्ट सांगितली, त्याचा मला अजून राग आहे. तरी ती चाल कानावर आली की मी जागचा हलत नाही, हेही खरं.

‘ऑल थिंग्ज ब्राइट अँड ब्यूटिफुल’मधली गाळलेली वस्तू तर याहून भारी. सेसिल फ्रान्सेस अलेक्झांडर यांनी १८४८मध्ये मुलांसाठी काढलेल्या गीतसंग्रहातलं ते. फुलं, पाखरं, डोंगर, नदी आपण म्हटलं. पण मूळ गाण्यात एक कडवं होतं: श्रीमंत आपल्या वाड्यात, गरीब त्याच्या दाराशी, आणि कोण उंच कोण नीच हे देवानेच ठरवलेलं. या अलेक्झांडरबाई राहत होत्या आयर्लंडमध्ये, आणि तेव्हा तिथे बटाट्याचं पीक सडून माणसं उपाशी मरत होती. १९०६च्या एका गीतपुस्तकात हे कडवं काढून टाकलं. काढणारे कोण माहीत आहे? तेच डिअरमर! मला हा माणूस आवडायला लागलाय. नाहीतर आपण दोघं, फी थकलेली पोरं, ते कडवंही घसा फोडून म्हटलं असतं आणि वर शाबासकी घेतली असती.

आता माझं एक काम कर. अलेक्झांडरबाईंच्याच त्या संग्रहातलं ‘देअर इज अ ग्रीन हिल’ आठवडाभर डोक्यात फिरतंय, पण तिसऱ्या ओळीला मी दरवेळी ‘ओ गॉड अवर हेल्प’मध्ये घसरतो. दोष पूर्ण माझा नाही. यातली काही गाणी आठ-सहा-आठ-सहा अक्षरांच्या मापाची आहेत. अभंगात अक्षरं मोजतात तसंच. त्यामुळे एकाचे शब्द दुसऱ्याच्या चालीत बेमालूम बसतात. ‘अमेझिंग ग्रेस’सुद्धा त्याच मापाचं. एकदा घसरलो की परत येता येत नाही.

तेव्हा ‘ग्रीन हिल’ची तिसरी ओळ गुणगुणून पाठव. शब्द शोधत बसू नकोस. आणि पंखा बंद कर.

तुझा,
रांगेतला डावीकडचा