शिवलेलं पार्सल इकडं कसं उघडतं

मलाकाल, दक्षिण सुदान
मारबतीचा दिवस

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पार्सल पोचलं. फोनवर "मिळालं, सगळं नीट आहे" एवढंच सांगता आलं. लाइन तुटत होती, बाबांना "हॅलो"च्या पुढचं ऐकू येत नव्हतं आणि आईला जेवण, झोप, ताप, डास सगळं एका दमात विचारायचं होतं. म्हणून निवांत बसून लिहिते आहे. आमच्या एक सिस्टर सुट्टीवर निघाल्या आहेत, त्यांच्याबरोबर हे पत्र देते, त्या दिल्लीत पेटीत टाकतील. आज तिकडं नागपुरात, महाल भागात, काळ्या-पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघाली असेल. गॅलरीतून दिसली का?

बाबा, या पत्रातलं बरंचसं तुमच्यासाठी आहे. तुम्ही टपाल खात्यात नोकरी केली, आणि त्यातली उमेदीची वर्षं डेप्युटेशनवर आर्मी पोस्टल सर्व्हिसमध्ये. ट्रेनिंग आपल्या कामठीलाच, मग दिल्लीचं बेस पोस्ट ऑफिस. दर १ मार्चला तुम्ही आम्हाला सांगायचात, की १९७२ साली याच दिवशी फौजी टपालाची स्वतंत्र कोअर झाली, तोवर ती आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये होती. पत्त्यावर गाव नाही, जिल्हा नाही, राज्य नाही. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि खाली ५६ एपीओ, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. पूर्वेकडं नेमलेला जवान असेल तर ९९, ते कोलकात्याहून. एवढ्यावर माणूस बरोबर सापडतो, याचा तुम्हाला अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. पण थैली बंद करून सील लावलं की तुमचं काम संपायचं. पार्सल ज्याच्या हातात पडतं तो ते कसा उघडतो, हे तुम्हाला कधी पाहायला मिळालं नाही. ते मी इथं, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या आपल्या तुकडीची डॉक्टर म्हणून, पाहते आहे. तेच सांगायचं आहे, आणि त्यावरून दिवाळीच्या पार्सलाबद्दल तुम्हा दोघांकडं काही मागायचं आहे.

आधी ते इथवर येतं कसं ते ऐका. मलाकालची माती आपल्या उमरेडकडच्या शेतासारखीच काळी, कापसाची. पाऊस पडला की जीपची चाकं अर्धी आत जातात आणि गमबुटाला किलोभर चिखल घेऊन माणूस चालतो. मे ते ऑक्टोबर रस्ता नावालाच. त्यामुळं राजधानी जुबाहून पुढं सगळं विमानानं, हेलिकॉप्टरनं, नाही तर नाईलमधल्या बार्जवरून. डाक अमुक दिवशी येईल असं कुणी सांगू शकत नाही, आणि आली की वॉर्डापासून लंगरापर्यंत, म्हणजे फौजी स्वयंपाकघरापर्यंत, सगळ्यांना न सांगता कळतं.

तुमचं मांजरपाट, दाभणानं घातलेले एकसारखे टाके आणि त्यावरचे लाखेचे ठिपके पाहून आमचा पंजाबी नर्सिंग असिस्टंट हातातली कात्री तशीच धरून उभा राहिला. "मॅडम, ये किसने सिला है?" मी म्हटलं, माझ्या वडिलांनी, ते फौजी टपालात, एपीएसमध्ये होते. तेवढ्यात डाक वाटणारा हवालदार पुढं आला. तोही तुमच्यासारखाच टपाल खात्यातून आलेला, त्याचंही ट्रेनिंग कामठीचं. त्यानं कात्री लावूच दिली नाही. शेवटच्या गाठीपासून टाके उसवत आला, सुतळी गुंडाळून ठेवली आणि कापडाची घडी माझ्या हातात दिली. "सर को बोलिएगा, काम पक्का है," असं त्यानं सांगितलं आहे, म्हणून जसंच्या तसं लिहिते.

इथं पार्सल खोलीत नेऊन एकट्यानं कुणी उघडत नाही. टेबलावर ठेवायचं, सगळ्यांनी भोवती यायचं, एकेक वस्तू बाहेर काढायची आणि ती काय आहे ते ज्याचं पार्सल त्यानं सांगायचं. झाकण निघालं आणि सावजी मसाल्याचा वास पत्र्याच्या खोलीभर झाला. केरळच्या सिस्टरनी बोरकूट आयुष्यात पहिल्यांदा चाखलं आणि पुडी परत दिलीच नाही. आईच्या खारोड्या कुणालाच माहीत नव्हत्या. मी सांगितलं तशा कुकनं त्या शेंगदाण्यांबरोबर तळल्या आणि रात्रीच्या डाळभाताबरोबर वाढल्या. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर मंडळी विचारायला आली, ते कुरकुरीत काय होतं.

आई, तुला वाटतं, काय खाऊन राहिली असेल पोरगी. रेशन संयुक्त राष्ट्रांकडून भरपूर येतं आणि शिजतं आपल्याच लंगरात; पोटाची अडचण इथं कुणालाच नाही. पण महिनोन्महिने तीच चव, तेच तंबू, तेच चेहरे. अशात तोंडाला ओळखीचं काही लागलं की माणूस बोलायला लागतो. हे मी डॉक्टर म्हणून सांगते आहे. एक मुलगा माझ्याकडं झोप येत नाही म्हणून यायचा आणि त्यापुढं काही सांगायचा नाही. त्या संध्याकाळी तुझा चिवडा खाता खाता त्यानं घरची म्हैस, बहिणीचं ठरत आलेलं लग्न, वडिलांचं कर्ज, सगळं सांगितलं. माझ्या गोळ्यांना ते जमलं नव्हतं.

आणि ज्याचं काही येत नाही, तो काय करतो? नावं पुकारून होत आली की त्याला हमखास काहीतरी काम आठवतं. जनरेटरचं डिझेल बघायचं असतं, पाण्याची टाकी तपासायची असते. काहींच्या घरी पार्सल करणारं कुणी उरलेलं नाही. काहींच्या गावाहून पोस्ट लांब, आणि आई-वडिलांना फॉर्म भरता येत नाही. त्याला हाक मारून आणावं लागतं, आणि आणल्यावर त्याच्या हातात देण्याजोगं काही असावं लागतं. बाबा, मला तुमच्याकडून दिवाळीला हे हवं आहे. पार्सल माझ्या नावानं पाठवा, पण माझ्यासाठी भरू नका. टेबलासाठी भरा.

तुमच्या अल्बममधली दोन तिकिटं मला इथं आल्यापासून सारखी आठवतात. एक १९६२ चं, भारताच्या नकाशाचं, त्यावर "यू.एन. फोर्स (इंडिया) काँगो" असं छापलेलं, दुसरं १९६५ चं, नेहरूंचं, गाझातल्या आपल्या जवानांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या फौजेची "यूएनईएफ" अक्षरं उमटवलेलं. परदेशात निळ्या टोपीखाली गेलेल्या माणसाच्या पत्रासाठी टपाल खातं वेगळं तिकीट काढायचं! त्याहून जुनी गोष्ट १९१४ ची. त्या नाताळात ब्रिटनच्या राजकन्या मेरीच्या नावानं निधी जमवून सैनिकांना पितळेच्या डब्या वाटल्या गेल्या. गोऱ्या शिपायांना तंबाखू, सिगारेटी. पण फ्रान्समध्ये लढणाऱ्या शिखांना तंबाखू चालत नाही, म्हणून त्यांच्या वाट्याला खडीसाखर आणि मसाल्याची डबी आली. राज्य त्यांचं, लढाई त्यांची आणि मरणारे आपले, हे सगळं खरं आहे आणि ते विसरू नये. तरी त्या चिखलात कुणाला मसाला लागेल हे कुणीतरी बसून ठरवलं, एवढं मला त्यातलं घ्यावंसं वाटतं. घेणारा कोण आहे हे पाहून डबा भरायचा.

तर आता भरण्याबद्दल. चिवडा भाजक्या पोह्यांचा, आणि एका मोठ्या डब्याऐवजी लहान लहान पाकिटांत, म्हणजे एकेकाच्या हातात देता येतं. भिवापुरी मिरचीचं तिखट आणि सावजी मसाला मात्र लंगरासाठी म्हणून भरपूर. खारोड्या, बोरकूट, शंकरपाळे, संत्र्याच्या गोळ्या. जवसाची चटणी वाटेतच खवट होते; त्यापेक्षा जवस नुसतं भाजून पाठव, इथं मिक्सर आहे. संत्रा बर्फीवर माझा जीव आहे हे तुला माहीत आहे, पण ती या उकाड्यात टिकायची नाही. ती मी सुट्टीत येऊन खाईन.

कापूर नको. आई, तू लक्ष्मीपूजनासाठी घालशील म्हणून आधीच लिहिते. तो पेट घेणारा, विमानात चालत नाही. ओटीतली खोबऱ्याची वाटीही नको. सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की ते दाबून भरलं तर आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून विमानातल्या सामानातही त्याला बंदी आहे. चिवड्यातही काप घालू नकोस, डाळं वाढव. काडेपेटी, लायटर, स्प्रे, पॉवर बँक, सुटे सेल, यांतलं काहीही नको. तेलाचं लोणचं तर नकोच. एक बरणी फुटली की सगळ्या थैलीतली पत्रं तेलकट होतात, आणि त्यात कुणाच्या तरी बायकोचं पत्र असतं. बाबांना हे मी सांगायला नको.

खाण्याखेरीज सुती मोजे, सुई-दोरा, बटणं, डासांसाठी ओडोमॉसच्या ट्यूबा. सॅनिटरी पॅड जास्त घाल. आम्ही इथं बायका आहोत आणि आपल्या सवयीचे इथं सहज मिळत नाहीत. बाबांना दुकानात मागायला अवघड वाटत असेल तर तू जा, पण यादीतून ते गाळू नकोस. कॅरमचा स्ट्रायकर फुटला आहे, तो एक.

खोक्यात ठासायला या वेळी तुम्ही मराठी पेपर वापरला होता. मी तो हातानं सपाट करून शेवटच्या पानापर्यंत वाचला, पण बाकीच्यांना नुसती चित्रं. पुढच्या वेळी शेजारच्या काकांकडून हिंदी नवभारत मागून घ्या. महिन्यापूर्वीचा असला तरी चालेल, इथं जाहिरातीसुद्धा वाचल्या जातात.

तुझ्या भिशीतल्या काकूंनाही काही पाठवायचं आहे असं म्हणालीस. अवश्य. पण प्रत्येकीनं वेगळं खोकं करू नका, जवानांना पत्ता विचारत फिरू नका. तुझ्याकडं गोळा करा आणि याच पत्त्यावर पाठवा. मी कुठं आहे ते पेपरातही छापून येतं, त्याचं काही नाही. पण युनिटचा पूर्ण पत्ता आणि कोण कधी सुट्टीवर निघतं, हे व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. काकूंपैकी एक शाळेत शिकवतात ना, त्यांना एक निरोप दे. मुलांना रणगाडे आणि बंदुका काढायला लावू नका. आमच्याकडं त्या रोज बघायला असतात. मुलांनी आपली गल्ली काढावी, शाळेसमोरचा पोहेवाला, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. खाली दोन ओळी, आज डब्यात काय होतं. अशी पत्रं आम्ही वॉर्डाच्या भिंतीवर लावू.

बैलावरून आठवलं. आपल्या तुकडीबरोबर पशुवैद्यही आहेत, ते इथल्या लोकांच्या गुरांवर उपचार करतात. गुरं म्हणजे इथं घरची इज्जत. लग्न ठरतं तेही गुरं मोजून. काल पोळा होता म्हणून मी त्यांच्या कॅम्पवर गेले होते. लांब शिंगांच्या गाईला लस टोचताना तिचा मालक तिच्या मानेवरून जसा हात फिरवत होता, ते बाबांनी पाहायला हवं होतं.

आता बाबा, एक गोष्ट तुमची डॉक्टर म्हणून सांगते. शिवा तुम्हीच, पत्ताही तुमच्याच अक्षरात, कापडावर एकदा आणि आत चिठ्ठीवर एकदा. पण एक मोठं खोकं करू नका, दोन-तीन लहान करा, आणि पोस्टात नेताना रिक्षा करा, वरच्या मजल्यावरच्या मुलाला बरोबर घ्या. गुडघ्याला पट्टा बांधून खोकं खांद्यावर घेऊन जिना उतरलात हे मला आईनं सांगितलं आहे. नवरात्र बसायच्या आत ते पोस्टात पडलं पाहिजे, तर दिवाळीला पोचेल. उशीर झाला तरी पाठवा. इथं दिवाळी डाक येईल तेव्हा करतात.

आई, यादी सगळी बाबांच्या अक्षरात होती, तू खाली नुसतं नाव घातलंस. या वेळी तू लिही. खारोड्यांना ज्वारी किती, तीळ किती, लसूण-मिरची कधी घालायची, उन्हात किती दिवस ठेवायच्या, सगळं. कुक वाट बघतो आहे, मी त्याला हिंदीत सांगेन. चुकलंमाकलं अक्षर असू दे.

फोन मी नेहमीसारखा तुमच्या रात्री ९ लाच करीन. इथं तेव्हा साडेपाच वाजलेले असतात आणि राउंड उरकलेला असतो. बाबांचं बीपी आठवड्यातून दोनदा वहीत लिहून ठेवा. फोनवर आकडे विचारणार आहे.

तुमची,
लाडकी लेक